बडी गाय यांच्या थकलेल्या आवाजाविषयी

ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीय संगीतप्रकारातले गिटारवादक-गायक बडी गाय यांच्या 'एन्ट डन विथ द ब्लूज' या अल्बमवरील माझ्या लेखाखाली आपण नाव न देता चार वाक्ये लिहिली आहेत. आवाज थकला आहे आणि बोटे चालत नाहीत, हे पहिले. अल्बम पाहुण्या कलाकारांनी सावरून धरला आहे, हे दुसरे. निर्माते टॉम हॅम्ब्रिज 2008 पासून एकाच साच्यातून अल्बम काढत आहेत, हे तिसरे. आणि माझा लेख हे 'परीक्षण नव्हे, आरती आहे', हे चौथे.

माझी एक चूक आधी मान्य करतो. 'ड्राय स्टिक' या गाण्यात पाहुणे गिटारवादक म्हणून जो वॉल्श आहेत असे मी लिहिले होते. तिथे जो बोनामासा आहेत, वॉल्श 'हाउ ब्लूज इज दॅट'मध्ये आहेत. दुरुस्ती केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल आभार.

मतभेदाला माझी कधीच हरकत नसते. 'आरती' हा शब्द मात्र लागला, आणि तो का लागला हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्याच लेखात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, 18 गाणी फार झाली आणि त्यांतली चार-पाच सहज गाळता आली असती, असे मी स्पष्ट लिहिले आहे. आरती म्हणणारा असे लिहीत नाही. आपण तो परिच्छेद वाचला नसेल तर प्रतिक्रिया देण्याची घाई झाली, आणि वाचूनही हा शब्द वापरला असेल तर तो मला दुखावण्यासाठीच वापरला, असे समजणे मला भाग आहे.

1992 साली कॉलेजात असताना मी काळा घोड्याच्या रिदम हाऊस या दुकानातून बडी गाय यांच्या 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज'ची कॅसेट घेतली. एकेक ओळ गिटारवर बसवण्यासाठी इतक्यांदा मागे नेली, की घरच्या टेपरेकॉर्डरचे रिवाइंडचे बटण तुटले आणि वडिलांनी महिनाभर त्याला हात लावू दिला नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, तेव्हा 74 वर्षांच्या या माणसाला मी ऐकले, आणि 2023 मध्ये त्याच जागी पुन्हा ऐकले, तेव्हा ते 86 वर्षांचे होते. बारा वर्षांत काय गेले आणि काय उरले, हे मी कानांनी तपासले आहे. तुम्ही किती वेळा तपासले आहे?

आता बोटांविषयी. ब्लूजमध्ये तार दाबून नुसती वाजवत नाहीत, ती पडद्यावर आडवी ढकलतात. ताण वाढतो, स्वर चढतो, आणि कोमल व शुद्ध गांधाराच्या मधे कुठेतरी तो रोखून धरावा लागतो. थोडा कमी पडला तर रडका वाटतो, थोडा पुढे गेला तर सगळी धार निघून जाते. माझे वय आज 53 आहे, डाव्या हाताची अनामिका दोन वर्षांपासून आखडते, आणि थंडीत तो स्वर मला दोन मात्रासुद्धा धरता येत नाही. 30 जुलै 2025 रोजी, म्हणजे स्वतःच्या 89व्या वाढदिवशी हा अल्बम देणारा माणूस तो स्वर धरतो आणि हलकेच कंपित करून सोडतो. वेग कमी झाला आहे, हे मीही ऐकतो. पण वेग कमी होणे आणि बोटे न चालणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि ज्याने ती तार एकदाही ढकलून पाहिलेली नाही त्याने त्या एकच आहेत असे ठामपणे लिहू नये.

आवाजाचेही तसेच. अल्बमच्या सुरुवातीला 'हूकर थिंग' हा छोटा तुकडा आधीच्या पिढीतले ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकर यांच्या आठवणीत आहे. लुइझियानातल्या लेट्सवर्थमध्ये वाट्याने शेती करणाऱ्या घरात, दोन तारांच्या घरगुती वाद्यावर हात बसवलेल्या मुलाला, म्हणजे बडी गाय यांना, पुढे गिटारवर पहिल्यांदा नीट जमली ती हूकर यांचीच 'बूगी चिलन' होती. 'हूकर थिंग'मध्ये आवाजात खरखर आहे, श्वास ऐकू येतो, आणि तो तसाच ठेवला आहे याचा मला आनंद आहे. गुळगुळीत आवाजात ही आठवण सांगितली असती तर मी ती एकदाच ऐकली असती.

पाहुण्यांविषयी एवढेच की, ते 18 पैकी 5 गाण्यांत आहेत. उरलेली 13 गाणी कोणी सावरून धरली, ते आपणच सांगावे. हॅम्ब्रिज यांचा मुद्दा वेगळा आहे, त्यात मी आज शिरत नाही.

यापुढे लिहायचे असेल तर नाव देऊन लिहावे, आणि आधी शेवटून दुसरा परिच्छेद वाचावा.