डेल्फ्टचा काठ, मुठेचा काठ

हेग येथील मॉरिट्सहाउस संग्रहालयात सतराव्या शतकातील डच चित्रकार योहानेस वर्मीरचे ‘डेल्फ्टचे दृश्य’ हे डेल्फ्ट या डच शहराचे तैलचित्र आहे. नेदरलँड्समध्ये राहायला आल्यापासून मी ते अनेकदा पाहिले आहे आणि पुण्यातील नदीकाठ सुधार प्रकल्पावरचा वाद वाचताना ते मला हटकून आठवते. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या नद्यांचे मिळून ४४ किलोमीटरचे काठ बांधून विकसित करण्याच्या या योजनेचे समर्थक युरोपातील बांधीव नदीकाठांचा दाखला देतात, तर अनेक विरोधक युरोप आपला वारसा कसा जपतो याचा. मला हे दोन्ही दाखले अपुरे वाटतात.

चित्र १६६०-६१च्या सुमाराचे असून त्याची लांबी-रुंदी मीटरभराच्या आसपास आहे. निम्म्याहून अधिक भाग आकाशाने व्यापला आहे. जवळचा तट आणि शहराचे दोन दरवाजे ढगाच्या सावलीत आहेत. ऊन पडले आहे ते मागे, न्यूवे केर्क या चर्चच्या मनोऱ्यावर, त्यामुळे नजर सावलीतला काठ ओलांडून आपोआप शहराच्या आत जाते. डावीकडे घोड्याने ओढायची प्रवासी नाव लागली असून काठावर माणसे थांबली आहेत. उजवीकडे हेरिंग मासे पकडणारी जहाजे डागडुजीसाठी उभी आहेत. रॉटरडाम दरवाजाच्या जोड मनोऱ्यांचे प्रतिबिंब वर्मीरने आधी बेताचे रंगवले होते आणि मग ते खालपर्यंत लांबवले, हे क्ष-किरण तपासणीत दिसले आहे. शहर पाण्याशी बांधलेले दिसावे, यासाठीच त्याने ते केले असावे, असे मला वाटते.

हे दोन्ही दरवाजे आज नाहीत. स्कीडाम दरवाजा १८३४मध्ये आणि रॉटरडाम दरवाजा १८३६मध्ये पाडला गेला. डेल्फ्टच्या जुन्या वेशींपैकी आज फक्त पूर्व दरवाजा उभा आहे. हे चित्र डच सरकारने १८२२ साली विकत घेतले होते, म्हणजे चित्र जपले गेले आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच त्यातली वास्तू पाडली गेली. तेव्हा ‘युरोपात सगळे जपतात’ असे आपल्याकडे म्हटले जाते, ते खरे नाही. येथेही पाडापाडी झाली आहे, आणि ज्यांनी हे दरवाजे पाहिले त्यांच्या पुढच्या पिढ्यांना ते प्रामुख्याने चित्रांतूनच ठाऊक आहेत.

मला या चित्रातून पुण्याच्या वादात न्यायचे आहे ते वेगळेच. वर्मीरच्या काठावर कामे चालू आहेत: कोणी नावेची वाट पाहतो आहे, जहाजांची दुरुस्ती चालली आहे, दोघी बायका बोलत उभ्या आहेत. आपल्याकडे नदीकाठाची जी संकल्पचित्रे प्रसिद्ध होतात, त्यांत मात्र फरसबंदीवर फिरणारी माणसेच दिसतात. ओंकारेश्वराच्या घाटावर दशक्रियेसाठी आलेले लोक, काठावर कपडे धुणारे, नदीपात्रात गुरे सोडणारे आणि पावसाळ्यात खडकवासल्याचे पाणी सोडले की ज्यांच्या घरात नदी शिरते ती वस्ती, यांना त्या चित्रांत जागा नसते. पूरमार्ग अरुंद होईल आणि झाडे जातील, हे आक्षेप मला गंभीर वाटतात. पण त्यांच्या आधीचा प्रश्न, हा काठ आज कोण वापरतो, हा आहे.

म्हणून माझी मागणी अशी की, पालिकेने प्रत्येक टप्प्याचे काम सुरू करण्याआधी त्या काठाची आहे तशी नोंद करावी: पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथे कोण येते, कशासाठी येते आणि पाणी कुठवर चढते. ही नोंद आराखड्यासोबत नागरिकांसमोर मांडावी, म्हणजे नव्या चित्रातून कोणाला वगळले आहे हे सुनावणीत बसलेल्या प्रत्येकाला दिसेल.