लावणी कुणाची, हे शिकागोतून विचारताना

कॉलेजातल्या एखाद्या मुलीने टीव्हीवरच्या स्पर्धेत लावणी केली, की महाराष्ट्रात दोन तट पडतात. एक म्हणतो, ही फडावरच्या बायकांची कला, लोकांची हेटाळणी सोसून त्यांनी ती जपली, मग आता पांढरपेशा घरांतल्या मुलींनी तिच्यावर टाळ्या का घ्याव्यात? दुसरा म्हणतो, कलेला जात नसते. मी राहतो शिकागोत. इथून हा वाद वाचताना दोन्ही बाजू अर्ध्यावर थांबलेल्या वाटतात, कारण याच शहरातल्या ‘पॉल बटरफिल्ड ब्लूज बँड’ची गोष्ट माझ्या मनात असते.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं. मिसिसिपीतल्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स, पुढे ब्लूजचा मोठा गायक-गिटारवादक झालेला, १९४३ साली शिकागोत आला. त्याच्यासारखे हजारो लोक कामाच्या शोधात आले. शहराच्या गोंगाटात गाणं ऐकू जावं म्हणून गिटार विजेवर चालू लागली, आणि साउथ साइड या काळ्या वस्तीच्या भागातल्या लहानशा क्लबांत एक नवंच संगीत उभं राहिलं.

त्या क्लबांत १९६० च्या सुमारास एक गोरा पोरगा हार्मोनिका घेऊन जाऊ लागला. पॉल बटरफिल्ड. वकिलाचा मुलगा, हाइड पार्कमध्ये वाढलेला, शिकागो सिम्फनीतल्या वादकाकडे पाश्चात्त्य शास्त्रीय फ्लूट शिकलेला. त्याचा जोडीदार एल्विन बिशप ओक्लाहोमातून शिष्यवृत्ती मिळवून शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला आला होता. लिटल स्मोकी स्मदर्स या काळ्या गिटारवादकाच्या मागे लागून तो गिटार शिकला. पुढे आला गिटारवादक माइक ब्लूमफिल्ड, शिकागोतल्या श्रीमंत ज्यू कारखानदाराचा मुलगा. कीबोर्डवरचा मार्क नॅफ्टलिन तर मिनियापोलिसच्या महापौरांचा मुलगा.

एवढ्यावर बँड झाला असता, तर मी त्याच्याबद्दल लिहिलं नसतं. त्याचा पाया दोन काळ्या वादकांचा होता. बासवर जेरोम अर्नोल्ड आणि ड्रम्सवर सॅम ले, दोघेही हाउलिन वुल्फ या नामवंत काळ्या ब्लूज गायकाच्या बँडमध्ये मुरलेले. सॅम ले अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. त्याचा प्रसिद्ध ‘डबल शफल’ ठेका लहानपणी चर्चमध्ये ऐकलेल्या टाळ्यांतून आलेला. १९६५ चा त्यांचा पहिला अल्बम ऐका. वर हार्मोनिका आणि गिटारी कितीही पळोत, खालचा ठेका तसूभर ढळत नाही. तो ठेका बर्मिंगहॅमच्या चर्चमधला आहे. गोऱ्या पोरांना तो पुस्तकात सापडला नसता.

आपल्याकडचा वाद त्यांच्याही वाट्याला आला. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने त्यांची ओळख करून दिली ती जवळजवळ हिणवत, यांना खरा ब्लूज जमणार आहे का, अशा सुरात. हा साधासुधा माणूस नव्हता. १९४१ साली मिसिसिपीत जाऊन मडी वॉटर्सचं पहिलं ध्वनिमुद्रण करणाऱ्यांतला तो. त्याने करून दिलेली ती ओळख ऐकून या बँडचा व्यवस्थापक होऊ पाहणारा अल्बर्ट ग्रॉसमन भडकला आणि दोघे प्रौढ पुरुष मातीत लोळत मारामारी करू लागले. लोमॅक्सची काळजी खोटी नव्हती असंच मला वाटतं. पण मंचावर सॅम ले आणि जेरोम अर्नोल्ड उभे होते, ते त्याला दिसायला हवे होते.

खरा प्रश्न पैशाचा होता. अर्नोल्ड आणि ले यांनी वुल्फला सोडलं, कारण बटरफिल्डने जास्त पैसे देऊ केले. नॉर्थ साइडच्या गोऱ्या वस्तीतल्या क्लबात गल्ला होता, रेकॉर्ड कंपनी होती, आणि बँडला नाव बटरफिल्डचं होतं. हा अन्याय ‘कलेला रंग नसतो’ म्हणून पुसला जात नाही.

मग या पोरांनी काय केलं? ब्लूमफिल्डने सॅन फ्रान्सिस्कोत फिल्मोर हे संगीताचं सभागृह चालवणाऱ्या बिल ग्रॅहमच्या मागे लागून सांगितलं, काळा ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग याला बोलवा. १९६७ साली किंग तिथे गेला, तेव्हा समोरची गोरी तरुण मुलं त्याच्यासाठी उभी राहिली. पुढे किंगने याचं श्रेय ब्लूमफिल्डला दिलं. १९६९ मध्ये बटरफिल्ड आणि ब्लूमफिल्ड मडी वॉटर्सच्या अल्बममध्ये वाजवायला बसले, आणि मुखपृष्ठावर नाव होतं मडीचं. (याच बँडने १९६६ मध्ये ‘ईस्ट-वेस्ट’ नावाची तेरा मिनिटांची रचना केली, आपल्या रागसंगीताने भारावून. तिच्याबद्दल ‘आमचं चोरलं’ असं कुणी मराठी माणूस म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.)

आता लावणीकडे येतो. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि अखेरच्या दिवसांत पैशांची चणचणही मिळाली. २००२ मध्ये त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार दिला जातो. यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या खूप वृद्ध होत्या. म्हणून कॉलेजच्या मुलीने लावणी करू नये, असं मी म्हणणार नाही. तिने जरूर करावी. मला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. बैठकीची अदाकारी ती कुणाकडून शिकली? त्या बाईंना मानधन किती मिळालं? सूत्रसंचालकाने त्यांचं नाव घेतलं का? ढोलकी वाजवायला फडावरचा माणूस होता, की ट्रॅक लावला होता?

अमेरिकेतल्या आम्हा मराठी लोकांनाही हेच लागू आहे. गणेशोत्सवात आमच्या मुली नऊवारी नेसून, फिल्मी ट्रॅकवर, यूट्यूब बघून बसवलेली लावणी करतात आणि आम्ही कौतुकाने फोनवर टिपतो. नाटकं आणि गाण्यांचे कार्यक्रम भारतातून आणायला आमच्याकडे पैसे जमतात. तसे ते संगीतबारीतल्या कलावंतांसाठीही जमू शकतात. मोडनिंब, चौफुला, जामखेड इथल्या कलाकेंद्रांत शिकवू शकतील अशा बाया आहेत, आणि व्हिडिओवर आठवड्याला तासभर शिकवण्यासाठी त्यांना इथल्या भरतनाट्यम्‌च्या क्लासइतकी फी देणं आम्हाला सहज परवडतं. पुढच्या गणपतीच्या बजेटमध्ये ही रक्कम धरावी, आणि कार्यक्रमपत्रिकेत शिकवणाऱ्या बाईंचं नाव मुलींच्या नावांच्या वर छापावं.