विश्वामित्रीच्या कोतरांना हात लावू नका

२०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर बडोद्यात जो तो म्हणतोय, विश्वामित्री नदी खोल करा, सरळ करा, काठ बांधून काढा. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचा संताप रास्तच आहे. पण कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, आणि तळी बुजवली की पुराचं पाणी पसरायचं कुठे? त्यात आणखी एक नुकसान आहे, ज्याबद्दल कोणी बोलत नाही: मासळीचं.

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या तळ्यात आपसूक वीत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं, नव्या पावसाचं पाणी लागतं. नदी फुगली की ते काठावरच्या उथळ जागी शिरतात. २७ ते ३० अंशांच्या पाण्यात अंडी साधारण १५ ते २० तासांत फुटतात. पिल्लू पहिले तीन दिवस पोटाखालच्या पिशवीतल्या पिवळ्या बलकावर जगतं. त्यानंतर त्याला रोटिफर, मॉयना असे सूक्ष्म जीव तोंडाशी हवेत. भर धारेत ते मिळत नाहीत. बुडालेलं गवत कुजतं, वर ऊन लागतं, तिथेच ते वाढतात. म्हणून पूर पसरतो ती जागा म्हणजे मासळीची बालवाडी.

पाणी उतरताना बोटाएवढी झालेली पिल्लं कांसांवाटे, म्हणजे नदीला मिळणाऱ्या नाल्यांवाटे, नदीत परततात, आणि नेमका तिथेच घोळ होतो. कांसावर रस्ता करताना पाइप तळापेक्षा हातभर वर बसवतात. पाणी त्याखाली गेलं की मागे डबकं उरतं आणि बगळे दोन दिवसांत सगळं टिपतात. पाइप तळाच्या थोडा खालीच बसवायला हवा, म्हणजे शेवटचा ओघळही वाहता राहतो.

मरळ आणि मागूर हवा गिळून तग धरतात. मरळीच्या लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसला तर तिथे जाळं टाकू नका, राखण करणारे आई-बाप खालीच असतात. थाई मागूर मात्र एकही पाण्यात सोडू नका. त्यावर बंदी आहे आणि तो देशी मासळी फस्त करतो.

जलपर्णी काढून काठावरच रचली तर पहिल्या पावसात तोच कुजका रस पाण्यात उतरतो आणि प्राणवायू खातो. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले की समजावं, पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. काढलेली जलपर्णी त्याच दिवशी लांब न्यावी. काठाची देशी लव्हाळी आणि गवत राहू द्यावं.

आणि मगरी. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्या मातीच्या काठात अंडी घालतात, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. गाळ काढायचाच तर फेब्रुवारी ते जून त्या काठांना जेसीबी लावू नका. काँक्रीटमध्ये मगर बीळ करू शकत नाही.

महापालिकेकडे मागायचंच असेल तर हे मागा: प्रत्येक कांसाचं नदीकडचं तोंड नकाशावर दाखवा, आणि पुढचा पाइप बसवण्याआधी त्याची पातळी तळाशी ताडून बघा.