जालन्याच्या गुरुजींना उत्तर: जावयाचे दात आणि व्हिसा

गुरुजी, नमस्कार.

परदेशी पेशंटनी दातांच्या लांबणाऱ्या उपचारांसाठी कोणत्या व्हिसावर यावं, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री दवाखाना बंद केल्यावर वाचली, आणि आज सकाळी पुन्हा वाचली. तुमचे इंग्रज जावई मागच्या हिवाळ्यात टुरिस्ट व्हिसावर आले, जालन्यात रूट कॅनाल करून गेले, कोणी काही विचारलं नाही. मग मी मेडिकल व्हिसाचा बागुलबुवा कशाला उभा करते, असं तुम्ही विचारता. आता त्यांना वरचे सगळे दात इम्प्लांटवर बसवायचेत आणि माझा लेख वाचून तुमची लेक घाबरून गेली. शेवटी तुम्ही लिहिलंत, 'गुटख्यानं तोंड मिटलेली आपली पोरं सोडून डॉक्टरीणबाईंना परदेशी दातांची काळजी पडली आहे.'

व्हिसाच्या मुद्द्यावर चूक माझी आहे. 'दातांचं कुठलंही काम करायचं तर मेडिकल व्हिसाच लागतो' असं वाक्य मी लिहिलं होतं. ते आज काढून टाकलं. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाचा दात इथे असताना दुखला, तर ओपीडीतले उपचार त्याला आहे त्याच व्हिसावर घेता येतात. जावयांच्या रूट कॅनालमध्ये काहीही गैर झालेलं नाही, लेकीला तसं सांगा. तिला विनाकारण घोर लावला याचं मला वाईट वाटतं.

पण गुरुजी, रूट कॅनाल दोन-तीन बैठकांत उरकतं. वरचा सगळा जबडा इम्प्लांटवर उभा करणं हे काम वेगळं आहे. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. तो बसवायला अर्धा तासही पुरतो, पण हाड त्याला धरतं ते सावकाश. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसवले, तेव्हापासूनची पुस्तकी मुदत खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने अशी. वरचं हाड पोकळ, भुसभुशीत असतं म्हणून जास्त. आता स्क्रूचे पृष्ठभाग सुधारलेत, हाड भक्कम असेल तर त्याच दिवशी तात्पुरते दातही बसवतात. पक्के दात मात्र हाड जुळल्यावरच. आणि वरच्या दाढांच्या जागी सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, खाली उतरलेला असेल तर आधी तिथे हाड भरावं लागतं, ते मुरायला आणखी सहा-आठ महिने.

आता ही मुदत व्हिसाशेजारी ठेवून बघा. ई-मेडिकल व्हिसा पहिल्यांदा देशात उतरल्यापासून 60 दिवसांचा, त्यात तीनदा येता येतं, सोबत दोन माणसांना अटेंडंट म्हणून व्हिसा मिळतो, आणि अर्जाला इथल्या रुग्णालयाचं लेटरहेडवरचं पत्र जोडावं लागतं. साठ दिवसांत वरचा जबडा होत नाही. वकिलातीतून मिळणारा मेडिकल व्हिसा उपचारांच्या काळापुरता, जास्तीत जास्त वर्षाचा, आणि पुढे वैद्यकीय दाखल्यावर वाढवताही येतो. पण त्याच्या नियमांत प्राधान्याने नावं आहेत ती मेंदूच्या शस्त्रक्रिया, डोळे, हृदय, मूत्रपिंड, सांधेबदल अशांची. दातांचं नाव त्यात नाही. त्यामुळे पत्र नामांकित, मान्यताप्राप्त रुग्णालयाचं असावं आणि त्यात कामाचे टप्पे तारखांसकट लिहिलेले असावेत, असा माझा आग्रह असतो.

हा आग्रह मी एका पेशंटच्या हालांतून शिकले. आपल्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका येमेनी विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे दातांसाठी आले होते. पोरगा आपल्या दखनी हिंदीत मला समजावायचा आणि वडिलांना अरबीत. ते येण्याआधी मी पत्र दिलं, त्यात 'अंदाजे दोन महिने' असं लिहिलं. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा अख्खा एक्स-रे, तेव्हा मी पाहिलाच नव्हता. ते आले, ओपीजी काढला, आणि उजव्या वरच्या दाढेच्या जागी सायनसखाली हाड उरलं होतं जेमतेम चार मिलिमीटर. दहा मिलिमीटरचा स्क्रू तिथे कुठे रोवणार? हाड भरलं आणि थांबलो. व्हिसा मात्र माझ्या पत्रातल्या दोन महिन्यांवर बेतलेला. मुदतवाढीसाठी नवा दाखला, ऑनलाइन अर्ज, मग पोलीस आयुक्तालयाच्या फेऱ्या, आणि या सगळ्यात पोराची सत्र परीक्षा. वडील पोराच्या खोलीवर राहायचे, ब्रेड चहात बुडवून खायचे. मुदतवाढ मिळाली आणि दातही बसले. पण व्हिसाची मुदत उलटली असती तर दंड, देश सोडायला वेगळी परवानगी आणि पुढच्या व्हिसाला डाग, हे सगळं त्यांच्या माथी आलं असतं, तेही माझ्या एका ओळीपायी. लेख मी त्यांच्यासारख्यांसाठी लिहिला होता. लिहिताना तुमच्या जावयांसारखी माणसं डोळ्यांसमोर नव्हती, म्हणून ते वाक्य सरसकट झालं.

गुटख्याचं तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, कारण ती पोरं माझ्याच खुर्चीत बसतात. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मागच्याच महिन्यात भोकरदनकडचं एक एकवीस वर्षांचं लेकरू आलं होतं. तोंडात उभी तीन बोटं मावायला हवीत, त्याच्या तोंडात माझं एक बोट कसंबसं गेलं. गाल आतून पांढरे, चामड्यासारखे ताठ. आई म्हणाली, 'भाकरीचा घास जात नाही, वरण पितो नुसतं.' याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारं हे दुखणं आहे. त्याला मी शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं, तिथे तो तोंड उघडण्याचे व्यायाम आणि इंजेक्शनं घेतोय. परदेशी दातांवर लिहिलं म्हणून ही पोरं सुटली असं होत नाही, पण मी त्यांच्याबद्दल इथे अजून लिहिलेलं नाही हे खरं आहे. पुढचा लेख त्यांच्यावरच असेल. तुमच्या शाळेतल्या मुलांमध्ये काय पाहिलंत ते कळवलंत तर मला फार उपयोग होईल.

आता जावयांचं. त्यांना मेडिकल व्हिसाच्या वाटेला जायची बहुधा गरजच पडणार नाही. तुमची लेक भारतीय नागरिक असेल किंवा तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या किंवा भारतीयांशी लग्न झालेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असेल, आणि लग्न नोंदवून दोन वर्षं पूर्ण झाली असतील, तर तिचा नवरा म्हणून ते स्वतः ओसीआयसाठी अर्ज करू शकतात. कार्ड मिळालं की व्हिसा नको, साठ दिवसांचा हिशोब नको, परदेशी म्हणून पोलिसांत नोंदणी नको. दोन वर्षं झाली नसतील आणि लेक अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर तिचा जोडीदार म्हणून एंट्री व्हिसा आहे. अर्जात येण्याचं जे कारण विचारतील ते खरं लिहायचं, एवढं मात्र सांभाळा. दातांसाठीच यायचं आणि कागदावर वेरूळ-अजिंठा पाहायचं लिहायचं, हे करू नका. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅगेतली उपचारांची फाइल पाहिली तर उत्तर देताना तुमच्याच लेकीची धांदल उडेल.

व्हिसावर येऊन ते तुमच्या घरी उतरले तर परदेशी पाहुणा उतरल्याचा फॉर्म (आजवर फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा) ऑनलाइन भरायचा, आल्यापासून 24 तासांच्या आत. हा फक्त लॉजवाल्यांसाठी नसतो, घरात परदेशी पाहुणा ठेवणाऱ्यालाही लागू आहे. मागच्या वेळी राहिला असेल तर या वेळी राहू देऊ नका.

कामाची आखणी मी सणांवर करते, तारखा लक्षात राहतात. दिवाळीला येऊन स्क्रू बसवायचे, दोन-तीन आठवडे थांबून टाके काढून परत जायचं, आणि गुढीपाडवा उलटल्यावर येऊन पक्के दात घ्यायचे. हाड भरावं लागलं तर पाडव्याऐवजी पुढची दिवाळी किंवा त्यानंतरचे दिवस उजाडतील आणि एक फेरी वाढेल. सायनसचं काम झालं तर लगेच विमानात बसायचं नाही, तेवढे दिवस आधीच हाताशी ठेवा. पहिल्या फेरीनंतर स्क्रूची कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्या, म्हणजे मधल्या काळात तिकडे काही झालं तर तिथल्या डॉक्टरला अंदाज बांधावा लागणार नाही.

तिकीट मात्र आत्ता काढू नका. जावयांचा ओपीजी आणि जमलं तर जबड्याचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन, तिकडेच काढून घ्या, फाइल मला मेल करा. काम तुम्ही जालन्यातल्या तुमच्याच डॉक्टरांकडे करा, माझ्याकडे यायलाच हवं असं काही नाही. हाड किती आहे आणि फेऱ्या किती लागतील एवढं मी पाहून सांगते, मग लेकीशी बोलून व्हिसाचं ठरवा.