लेख कुठे अडकला ते तारखा सांगतात : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

संशोधन नियतकालिकांच्या कामगिरीच्या आकड्यांवरील माझा लेख वाचून आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आलेला लेख कोणत्या टप्प्यावर किती दिवस थांबला याची नोंद संपादकांनी ठेवावी, असं मी त्यात सुचवलं होतं. आपले आक्षेप तीन आहेत. इम्पॅक्ट फॅक्टरने एवढं नुकसान केलेलं असताना आणखी आकडे कशाला? वर्षाला जेमतेम साठ-सत्तर लेख येतात त्या नियतकालिकाला टक्केवारी कसली? आणि संपादकाने लेख वाचायचे की तक्ते भरायचे?

पहिल्या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली उद्धरणं (म्हणजे इतर लेखांनी दिलेले त्याचे दाखले) भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. ही सरासरी एकटा लेखही उचलून धरू शकतो. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘अ’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८मध्ये २.०५१ होता, तो २००९मध्ये ४९.९२६ झाला. कारण एकच : स्फटिकरचना शोधण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘शेलेक्स’ या संगणकप्रणालीवरचा २००८मधला लेख. प्रणाली वापरणारा प्रत्येकजण तो उद्धृत करत होता. दोन वर्षांची मुदत सरली आणि आकडा पुन्हा खाली आला. या चढउतारात संपादकांनी काही चांगलं केलं नव्हतं की वाईट केलं नव्हतं. मग अशा आकड्यावरून त्यांनी उद्या सकाळी कोणतं काम वेगळ्या पद्धतीने करायचं?

मराठीत तर हा प्रश्न आणखी अवघड आहे. वाईच्या ‘नवभारत’सारख्या मासिकातल्या लेखांचे दाखले पुष्कळदा पुस्तकांच्या तळटीपांत असतात, आणि उद्धरणं मोजणाऱ्या यंत्रणांपर्यंत त्या तळटीपा बहुधा पोचतच नाहीत. तिथे शून्य दिसलं म्हणून लेख कुणी वाचला नाही, असा अर्थ काढणं सरळ चूक आहे.

मी ज्या आकड्यांबद्दल लिहिलं ते वेगळे आहेत. लेख आला कधी, प्राथमिक छाननी कधी झाली, पहिल्या परीक्षकाला, म्हणजे लेख तपासणाऱ्या विषयतज्ज्ञाला, विनंती कधी गेली, दुसरा परीक्षक कधी तयार झाला, लेखकाला पहिला निर्णय कधी कळला, सुधारित लेख कधी परत आला, अंतिम निर्णय कधी झाला आणि लेख प्रसिद्ध कधी झाला, या आठ तारखा. नियतकालिक किती थोर आहे ते यातून कळत नाही. आपल्याकडे विश्वासाने लेख सोपवणाऱ्या माणसाला आपण कसं वागवतो, ते मात्र कळतं.

अर्थात याही आकड्यांनी फसगत होते, आणि तिथे आपली शंका रास्त आहे. समजा, वर्षात ८० लेख आले. त्यातले ४० छाननीतच सात दिवसांत परत गेले, उरलेल्या ४० लेखांना परीक्षण होऊन पहिला निर्णय मिळायला १२० दिवस लागले. सरासरी येते साडेत्रेसष्ट दिवस. पुढच्या वर्षी ६० लेख छाननीत परत पाठवले आणि परीक्षणाला गेलेल्या २० लेखांना १५० दिवस लावले, तर सरासरी त्रेचाळीसच्या आत येते. परीक्षणाची वाट पाहणाऱ्याला महिनाभर जास्त ताटकळावं लागलं, पण अहवालात ‘सुधारणा’ दिसली! म्हणून हे दोन गट कधीही एकत्र मोजू नयेत. शिवाय प्रत्येक गटात सरासरीऐवजी मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्यावा आणि त्याच्या शेजारी सगळ्यात रखडलेल्या लेखाचे दिवस लिहावेत.

लेखकाकडचा वेळही वेगळा धरायला हवा. दुरुस्तीसाठी लेख तीन महिने लेखकाकडे राहिला, तर तो आपला विलंब नाही. पण ‘नाकारला, दुरुस्त करून नव्याने पाठवा’ असं कळवून नवीन क्रमांक दिला, की आधी गेलेले सगळे दिवस हिशेबातून पुसले जातात. अशा लेखाला मूळ तारीखच कायम ठेवावी.

आता दुसरा आक्षेप. ४० लेखांपैकी १२ स्वीकारले तर स्वीकृतीचं प्रमाण ३० टक्के. पण इतक्या कमी लेखांत निव्वळ योगायोगाने ते चौदा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं. तेव्हा ३० वरून ३८ वर गेलं म्हणून संपादक मंडळाने बैठकीत चर्चा करण्यात अर्थ नाही. इथे आपलं म्हणणं बरोबर आहे. डिसेंबरअखेर त्याच वर्षाचं प्रमाण काढणंही चुकीचं, कारण ऑक्टोबरनंतर आलेल्या लेखांपैकी तोवर निकालात निघतात ते बहुतेक नाकारलेलेच. लेख ज्या सहामाहीत आला त्या सहामाहीत मोजावा आणि त्यातल्या बहुतेक लेखांचा निकाल लागेपर्यंत थांबावं. मात्र लेख थोडे असण्याचा एक फायदा आहे : प्रत्येक अडकलेला लेख नावानिशी पाहता येतो. त्यासाठी टक्केवारी लागतच नाही.

परीक्षक मिळवण्याच्या टप्प्यावर हे फार उपयोगी पडतं. एका वेळी एकालाच विनंती करायची, चौदा दिवस वाट पाहायची, मग दुसऱ्याला विचारायचं, अशा रीतीने पाच नकार किंवा मौनं झाली की सत्तर दिवस गेलेच, आणि लेख अजून कुणी वाचलेलाही नसतो. सुरुवातीलाच तिघांना विचारावं, सात दिवसांत होकार आला नाही तर विनंती मागे घ्यावी. तिघेही तयार झाले तर उत्तमच. एका पूर्ण परीक्षणामागे किती विनंत्या गेल्या, हा आकडा जरूर ठेवावा. तो वाढत असेल तर परीक्षकांची यादी जुनी झाली आहे किंवा त्याच चार भल्या माणसांवर सगळा भार पडतो आहे. त्यावरून परीक्षकांची क्रमवारी मात्र लावू नये. विनामोबदला काम करणाऱ्यांना गुण देणं मला अन्यायाचं वाटतं.

तिसरा आक्षेप तक्त्यांचा. ओजेएस (ओपन जर्नल सिस्टिम्स) या नियतकालिकांचं काम सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीवर काम होत असेल तर तारखा आपोआप नोंदल्या जातात, अट एवढीच की काम खरोखर तिथेच व्हावं. आपल्याकडे अनेक ठिकाणी लेख ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, परीक्षणही तिथेच उरकतं आणि स्वीकारलेला लेख शेवटी प्रणालीत चढवला जातो. मग स्वीकृती शंभर टक्के आणि निर्णय एका दिवसात, असे आकडे दिसतात. जुने अंक एकदम चढवले तरी तसंच होतं. परीक्षकांना स्मरणपत्रं जात नाहीत, ही तक्रारही नेहमीची. बऱ्याचदा सर्व्हरवर नियोजित कामं (ठरल्या वेळी आपोआप होणारी) चालूच केलेली नसतात, किंवा ईमेल खरोखर आपल्याकडूनच गेल्याची खूण पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी नसल्याने पत्रं थेट स्पॅममध्ये जातात. दोष परीक्षकाच्या माथी येतो.

एकच तक्ता ठेवायचा असेल तर चालू लेखांची यादी ठेवावी, शेवटच्या हालचालीला किती दिवस झाले त्या क्रमाने लावलेली. दर सोमवारी वरचे पाच लेख पाहायचे आणि प्रत्येकापुढे कुणी काय करायचं ते लिहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. वाचनाचा वेळ यात जात नाही. उलट ‘माझ्या लेखाचं काय झालं’ या पत्रांना उत्तरं देण्यात जाणारा वेळ वाचतो.

हे आकडे संकेतस्थळावर द्यावेत का, असंही आपण विचारलं आहे. द्यावेत. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी लेखकांवर आणि विद्यापीठांवर आली आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करायला आठ महिने उरलेल्या विद्यार्थिनीला लेख कुठे पाठवायचा हे ठरवताना ‘जानेवारी ते जून : ३४ लेख, परीक्षणाला गेले १८, पहिल्या निर्णयाचा मध्यक ९५ दिवस, सर्वाधिक २१०’ अशी एक ओळ पुरते. त्यातला २१०चा आकडा लपवू नये.