पुन्हा तोच सबवे, तेच पाणी
दोन तास झाले, गाडी अजून अंधेरीतच. सबवे बंद. दर पावसाळ्यात बंद! मग पश्चिमेला जाणारं झाडून सगळं ट्रॅफिक गोखले पुलाकडे वळतं आणि तिथेच अडकतं. बाइकवाले फुटपाथवर चढलेत, मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाही. पुढे पाणी किती आहे, कोणीच सांगत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं की संपलं.

रुळांखालचा खोलगट रस्ता, पाणी तिथे उतरणारच. भरतीला समुद्र नाल्यांचं पाणी घेत नाही, हेही पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. भरतीचं वेळापत्रक तर आधीच छापून येतं! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आभाळच फाटलं होतं, मान्य. पण आज काय झालंय? तासाभराची एक जोरदार सर!

घरून चौथा फोन. आई म्हणते, ‘‘गाडी तिथेच सोड, चालत ये.’’ २९ ऑगस्ट २०१७ ला याच शहरात एक नामांकित डॉक्टर असेच गाडी सोडून चालत निघाले होते. उघड्या मॅनहोलमध्ये गेले. या गढूळ पाण्यात मी पाय कुठे टाकू, सांगा ना!