कोल्हापुरी तो ऐसी ही होती है

परवा आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. इंदूरच्या विजयनगरकडच्या एका एसी हॉटेलात सहा जण जेवलो, 2,835 रुपये गेले. पैशांचं एक वेळ सोडा. (सोडलेले नाहीत, पुढे येतीलच.) पण कोल्हापुरी म्हणजे काय, हे माझ्या आईला एका बो लावलेल्या पोरानं उभ्या उभ्या समजावून सांगितलं, ते अजून घशाखाली उतरत नाही.

बाबा पहिल्यापासून म्हणत होते, सराफ्यात जाऊ. सोन्याची दुकानं बंद झाली की ओट्यांवर शेगड्या पेटतात, भुट्ट्याचा कीस घ्यावा, तळलेल्या गराडूच्या कंदावर जिरावन मसाला भुरभुरावा, दहीवडेवाला द्रोण हवेत भिरकावून झेलतो ते बघावं, विषय संपला. पण पंचाहत्तरीच्या बाईला रात्री साडेदहाला गर्दीत उभं राहून जेवायला लावणं बरं दिसत नाही, असं आमच्या हिनं ठरवलं. आता वाटतं, बरं दिसलं नसतं तरी चाललं असतं.

मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं. आईनं चष्मा लावला, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. व्हेज कोल्हापुरी.

इथे थोडं मागे जावं लागेल. आईचं माहेर कोल्हापूरचं, शुक्रवार पेठेतलं. रविवारी घरात तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण, हा तिथला नेम. 1974 साली लग्न होऊन ती इंदुरात आली, आमच्या शाकाहारी घरात, आणि मटण सुटलं ते सुटलंच. त्याबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. तेव्हा त्या नावावर बोट का थांबलं, हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. बाबांनासुद्धा. ते एकदम पाण्याचा ग्लास निरखायला लागले.

भाजी आली. लालभडक, वर तेलाचा तवंग, तवंगावर बोटभर क्रीम आणि मधोमध एक सुकी मिरची खोचलेली, समाधीवर झेंडा लावावा तशी. आत फरसबी, गाजर, मटार आणि पनीरचे दोन तुकडे. आईनं घास घेतला, चावला आणि अगदी हळू विचारलं, "ह्यात खोबरं कुठाय?"

हे त्या बोवाल्या कॅप्टननं ऐकलं. (वेटरांच्या वरचा तो कॅप्टन. आमच्याकडे हल्ली सगळेच कॅप्टन.) तो हात मागे बांधून वाकला.

"आंटीजी, कोल्हापुरी में नारियल नहीं आता. कोल्हापुरी मतलब तीखा."

आई म्हणाली, "बेटा, मेरा मायका कोल्हापुर का है."

कुणीही इथे थांबला असता. तो खुलला. "फिर तो आपको पता ही होगा! तीखा ही होता है."

"तीखा है, पर स्वाद नहीं है. सूखा नारियल भूनते हैं, तिल, खसखस, कांदा-लसूण मसाला..."

"वो आप लोग घर में बनाते होंगे, आंटीजी. घर की अलग होती है. ये ओरिजनल है."

टेबलावर शांतता. माझ्या मुलानं मोबाइल खाली ठेवला, ह्यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखा.

"हमारे शेफ ने सात साल मुंबई में कोल्हापुरी बनाई है," त्यानं शेवटचा पुरावा टाकला आणि मग आईच्या खांद्याशी वाकून मायेनं म्हणाला, "आपको कम तीखी चाहिए तो थोड़ा शक्कर डलवा दूँ?"

आई काय बोलणार? ती हसली. तिचं ते हसणं मी ओळखतो. लहानपणी ते दिसलं की मी पलंगाखाली जायचो.

माझा शाळेतला एक दोस्त दहा वर्षं हॉटेलांच्या भटारखान्यात होता. त्यानं मला केव्हाच सांगितलं होतं की भिया, कार्डावर पदार्थ दोनशे असले तरी आत पातेली तीनच. लाल, पिवळी, पांढरी. लालमध्ये मिरची वाढवली की कोल्हापुरी, क्रीम वाढवलं की मखनी. पांढरीत काजू असतात असं आपण समजायचं, बहुतेक ठिकाणी काम मगजबियांवर भागतं. हे ठाऊक असूनही मी दर वर्षी वाढदिवसाला हॉटेलात जातो. म्हणजे दोष कुणाचा?

आणि ती प्लेट उचलायची घाई! 2017 पासून आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं यायला लागलं, तेव्हापासून इथे खाली ठेवलेली वस्तू जागेवर राहत नाही. मी रोटीचा शेवटचा तुकडा भाजीत बुडवला, वर बघतो तर खाली भाजी नाही.

मग बिल. जेवणाचे 2,700, त्यावर 'सेवा' म्हणून दहा टक्के, म्हणजे 270, आणि त्या 270 वरही पाच टक्के जीएसटी. मी म्हटलं, हे असं आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 लाच सांगितलंय, दिल्ली उच्च न्यायालयानंही मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "सर, वो दिल्ली का है. ये इंदौर है."

शेवटी काढले. पण कसे! मोठ्यानं, चार टेबलांना ऐकू जाईल असे. "भिया, सर का सर्विस चार्ज हटा दो, सर को प्रॉब्लम है." पलीकडच्या टेबलावरची बाई माझ्या चपलांकडे बघायला लागली. मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना." म्हणजे कायदा माझ्या बाजूचा आणि कंजूसही मीच. 283 रुपये 50 पैसे वाचवून मी मान खाली घालून बडीशेप खाल्ली.

उरलेली कोल्हापुरी आईनं बांधून घेतली. डब्याचे पंधरा रुपये, ते त्या 2,700 मध्येच होते. दुसऱ्या दिवशी तिनं सुकं खोबरं भाजलं, कांदा भाजला, बरणीतला मसाला काढला आणि ती भाजी त्यात परतली. बाबांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि चौथी मागितली.

"ह्यात काय घातलंस?" मी विचारलं.

"शक्कर," आई म्हणाली.

तो पंधरा रुपयांचा डबा धुऊन तिनं जिरावन ठेवायला घेतलाय. झाकण नीट बसत नाही.